उत्तराच्या वाढदिवसाचं चूलबंद आवतन

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं. पोट्टे नाही आले, पोट्ट्याइच्या माया नाही आल्या. आधी आले खालच्या माळ्यावरचे भैयाजी, वय एकोणऐंशी, अंगात लग्नातला कोट, केसाले चोपडून तेल अन् हातात शेंडीचा नारळ. बोलावणं पाच वाजताचं, अन् हे बुवा साडेचारले दारात. आमची सून मयुरी तेव्हा फुगे फुगवून राहिली होती. तिनं तोंडातला फुगा तसाच चिमटीत धरून दार उघडलं, भैयाजीले पाहिलं अन् चिमूट सुटली. फुगा सगळ्या खोलीत सर्रर्र फिरला अन् भैयाजीच्या कोटावर जाऊन पडला. त्यांनी तो उचलून तिच्या हातात दिला अन् म्हणे, "घ्या सूनबाई. बाकीचे मागून येऊन राहिले. घरी कोणालेच नाही ठेवलं, कुलूप लावून आलो."

बाकीचे म्हणजे कोण, हे मयुरीले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. मी देवाजवळ वाती वळायले निघून गेली.

थांब बाई, नमस्कार राहूनच गेला. ती. तुळजाबाईले तिच्या धाकट्या बहिणीचा, प्रेमिलाचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. मनीषनगरले आम्ही सारे चांगले आहोत, उमरेडले तुम्ही सारे चांगले असाल असं धरून चालते. तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याले एरंडाचं पान बांधत जा म्हणून सांगितलं होतं, बांधते का? फोनवर तुले ऐकू येत नाही अन् मले थांबता येत नाही, म्हणून हे पत्र. अश्विन आज कामानं नागपूरले आला आहे, त्याच्याच हातानं देते. (तुझा पोरगा गुणाचा आहे. पत्र वाचणार नाही. त्याले माझं अक्षर लागत नाही.) तू चौथी शिकलेली, मी तिसरी, तं मधातल्या एका इयत्तेचं तू सांभाळून घेशील. अन् एक गोष्ट मी तुले तोंडावर कधी म्हटली नाही, ती लिहूनच टाकते. तुझ्या हाताची चव आपल्या खानदानात कोणाले नाही. मायले होती, तिच्यानंतर तूच.

आता पहिल्यापासून सांगते. बुधवारी, म्हणजे काल, आपल्या उत्तराले पाच वर्षं पुरी झाली. (बारशाले तू चांदीचे वाळे आणले होते, दोन्ही आहेत, एक जरा दबला.) घरात ही पोट्टी कशी बोलते ते तू ऐकलं आहे, सकाळी डोळा उघडला की सुरू, दात घासतानाही तोंड बंद नाही. पण दिवाळीत आम्ही इतवारीचं भाड्याचं घर सोडून इकडे फ्लॅटमध्ये आलो अन् तेव्हापासून दाराबाहेर पाय पडला की पोरीचं तोंड शिवल्यावानी. नवीन शाळेतली बाई म्हणे, पोरगी हुशार आहे, पण पाच महिन्यांत एका पोराशी बोलली नाही, तहान लागली तरी मागत नाही, नुसती नळाकडे पाहत बसते. संध्याकाळी मी तिले खालच्या झोक्यांजवळ नेते, तं माझ्या मागं पदर धरून उभी राहते अन् दुसरे पोट्टे खेळतात ते पाहते. घरी आली की मले सगळं सांगते, गोलूनं आज निळी चड्डी घातली होती, रीनाचा समोरचा दात पडला, तिनं तो खिशात ठेवला. नावं साऱ्याइची पाठ. बोलणं कोणाशीच नाही. अन् घरी मोठं माणूस आलं की ही दिवाणाखाली. तिच्या बापाचे, संजीवचे, साहेब चहाले आले होते, ते जाईपर्यंत तास दीड तास पोरगी खालीच. साहेबाले वाटलं घरात मांजर आहे.

मयुरी एका पॅथॉलॉजीत काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढते अन् घरी येऊन माझ्यावर आवाजही काढत नाही, अशी सून मले भेटली, कोणत्या जन्माचं पुण्य कोण जाणे. मागच्या महिन्यात पोळ्या लाटता लाटता तिनं लाटणं ठेवलं अन् म्हणे, "आई, हिच्या वाढदिवसाला मी फक्त लहान मुलं बोलावणार आहे. नऊच, याच बिल्डिंगमधली. मोठं माणूस एकही नको. घरात एकदा त्यांच्याशी खेळली ना, तर मग खाली पण खेळेल." अन् मंग जराकशानं, पोळीकडे पाहत, "कुणी आलंच नाही तर काय करू मी?" तिचा आवाज असा झाला की मले तव्यावरची पोळी पलटवायचं भान राहिलं नाही. ती जळली, मीच खाल्ली.

तिनं नवाच्या नऊ पोट्ट्याइच्या मायांले मोबाइलवर बोलावणं पाठवलं अन् नऊही जणींनी तिले अंगठा दाखवला. मी म्हटलं, झालं, एकही येत नाही आता. मयुरी हसली, म्हणे, नाही आई, हा होकाराचा अंगठा असतो. (असंल. आपल्या वेळी हा अंगठा पाहून लोकं सोयरीक मोडत.) मले तिनं दोनच कामं दिली. एक, पोट्टे घरी जाताना त्याइच्या हातात द्यायची वस्तू आणायची. अन् दोन, त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायचं. मी दोन्हीले हो म्हटलं, अन् मनापासून म्हटलं.

वस्तू म्हणजे मयुरीच्या मनात पेन्सिली होत्या. पण बाई, पेन्सिल किती दिवस पुरते? मी बस धरली अन् रविवारी सकाळी इतवारीत जाऊन भांड्याच्या दुकानातून दहा पेले घेतले, स्टीलचे, छोटे, जाड बुडाचे. पोट्टे नऊ अन् एक आपल्या उत्तराले. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा म्हातारा बसतो, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं पहिला पेला मांडीत दाबला, यंत्र लावलं अन् वर न पाहता विचारलं, "कोणाच्या?" मी म्हटलं, उत्तराच्या. तो कोरायले लागला. मी सहज वाकून पाहिलं, तं 'उत्तरा हिच्या स्म' इथपर्यंत गाडी आली होती. मी त्याचा हातच धरला. म्हटलं, "काय लिहून राहिले गा? पोरगी पाच वर्षांची होऊन राहिली, घरी उड्या मारते." तं तो शांतपणे म्हणे, "बाई, इतके पेले लोकं तेरवीलेच नेतात. वाढदिवसाले नाव घालून नेणारी तुम्ही पहिली." मंग त्यानं बाकीच्यांवर नीट घातलं, 'उत्तराच्या वाढदिवसाले आजीकडून', अन् खराब झालेल्याच्या जागी एक नवा पेला त्यानंच दुकानातून आणून दिला. पहिला पुसता येत नाही म्हणे, राहू द्या तुम्हाले. मी ठेवला. म्हटलं, पाणी प्यायले होईल, अन् पुढं कधी माझ्या तेरवीले संजीवच्या उपयोगी पडेल.

अन् इथं माझी चूक झाली. पेल्यांची पिशवी घेऊन मी परत आली ती बिल्डिंगच्या खाली बाकावर टेकली. त्या बाकावर आमचे चौघं रोजचे. भैयाजी, तिसऱ्या माळ्यावरच्या शोभाताई, एक रिटायर मास्तर अन् कंबरेत वाकलेल्या सिंधी आजी. ह्या चौघाइचे मले फार उपकार आहेत. आम्ही इथं आलो तेव्हा मले लिफ्ट चालवता येत नव्हती, भैयाजी तीन दिवस माझ्यासंग वर-खाली करून शिकवत होते, अन् त्या नादात त्याइचं जेवण दोनदा थंड झालं. शोभाताईनं दूधवाला लावून दिला. तं शोभाताई म्हणे, "पिशवीत काय खणखणून राहिलं वं प्रेमिलाबाई?" मी सांगितलं, बुधवारी वाढदिवस आहे, तुमच्या पोट्ट्याइले बोलावलं आहे. सांगितलं अन् चौघाइनंही नजर वळवली. भैयाजी तं आपल्या काठीकडेच पाहायले लागले.

बाई, तूच सांग, मी काय करायचं होतं? ज्याइचे नातू आपल्या घरी खाणार त्याइले तोंडावर सांगू, की तुम्ही इथंच बसा? आपल्या गल्लीत माय आवतन द्यायले निघाली की कशी निघायची, तुले आठवत असंल. एक तं 'घरटी एक' म्हणायची, म्हणजे त्या घरचं एकच माणूस जेवायले, नाहीतं 'चूलबंद'. चूलबंद म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, म्हातारे, पोट्टे, आलेला-गेलेला पाहुणा, सारे आपल्याकडे. अन् 'घरटी एक' म्हणताना मायची मान खाली असायची. घरचा हातमाग चालत नसला, घरात दाणे कमी असले, तेव्हाच ती तसं म्हणायची. मले घरटी एक म्हणायचं होतं, देवाची शपथ. पण मान खाली जाईना, अन् तोंडातून निघून गेलं, चूलबंद. सिंधी आजीले भैयाजीनं हिंदीतून समजावून सांगितलं. अन् मास्तर म्हणे, "किती वर्षांनी ऐकलं हो हे." त्याइच्या डोळ्यांत पाणी आलं, मंग तो शब्द मी वापस कसा घेऊ?

वर आली ती मयुरीले सांगायचं ठरवूनच आली. पण ती कागदावर नऊ नावं लिहून प्रत्येकाच्या पुढं सँडविच दोन, वेफरचं पाकीट एक, असं मांडत बसली होती अन् गाणं गुणगुणून राहिली होती. ह्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा गुणगुणली. मी तोंडात आलेलं गिळलं. सोमवारी हळूच तीन किलो पोहे आणून माझ्या पेटीत लुगड्याइखाली ठेवले. मंगळवारी किलोभर हरभरे भिजू घातले. संजीव म्हणे, "आई, इतके हरभरे कशाले?" मी म्हटलं, "धूळ बसली होती, धुऊन राहिली." माझा पोरगा साधा आहे, त्यानं मान हलवली.

तं आता बुधवार. भैयाजीच्या मागून त्याइची बायको, नातू गोलू, गोलूची लहान बहीण, अन् भंडाऱ्याहून आलेला मेव्हणा. (मेव्हण्याले वाढदिवस कोणाचा ते माहीत नव्हतं. त्यानं मलेच हार घातला.) शोभाताई आल्या, संग रीना, रीनाचा भाऊ अन् त्याइच्याकडे भांडी घासायले आलेली बाई, काहून की चूलबंद म्हणजे त्या वेळी घरात जो असंल तो. सिंधी आजी पापडाचा डबा, नवरा अन् तीन नातवंडं घेऊन आल्या. मास्तर, मास्तरीणबाई, त्याइचे जुळे नातू. मास्तरीणबाईनं आपला स्टूल घरून आणला, पाठीले दुसरा चालत नाही. पाचले दहा कमी असताना घरात अठरा पाहुणे अन् मयुरीचे सँडविच सुद्धा अठराच, पण ते नऊ जणाइचे. अन् उत्तरा? ती भैयाजीच्या पहिल्या बेलवरच दिवाणाखाली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, सगळं दिवाणाखाली.

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणे, "आई." इतकंच. रागावली असती तं बरं झालं असतं. ती तिथंच जमिनीवर बसली, दिवाणाखाली हात घातला अन् म्हणे, "ये ना बाळा." आतून एक वेणी अजून मागं सरकली. बाई, साठ-पासष्ट वर्षांत मले स्वतःचा इतका राग आला नव्हता. वाटलं, ह्या पोरीनं महिनाभर एक गोष्ट मांडली अन् मी एका शब्दानं ती मोडून टाकली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजायले लागला. एकामागून एक निरोप. सॉरी, ऑफिसमध्ये अडकले. सॉरी, मुलाला घेऊन यायला घरी कुणी तयार नाही. सॉरी, रीनाला आज जमणार नाही. मयुरी एक निरोप वाचे अन् समोर पाहे, एक वाचे अन् समोर पाहे. जमत नाही म्हटलेली रीना सतरंजीवर बसून वेफर खाऊन राहिली होती. शोभाताईले विचारलं, तं त्या म्हणे, "माझी सून म्हणाली होती, जमलं तं पोरीले नेऊन सोडा. नेऊन सोडा म्हणजे काय वं? मी काय कुरिअरवाली आहे? ज्या घरानं मले विचारलं नाही त्या दारात मी पोरगी घेऊन उभी राहू? मी सरळ नाही म्हटलं. तुझ्या सासूनं आवतन दिलं म्हणून आली." भैयाजी म्हणे, "आमचंही तेच. मोबाइल त्याइचा, पोट्टे सांभाळणारे आम्ही." मंग त्याइनंच विचारलं, अजून कोणते पोट्टे राहिले, अन् तीन घरांच्या बेला दाबून उरलेले तीन पोट्टे त्याइले सांभाळणाऱ्या एका बाईसकट घेऊन आले. झाले बावीस. अन् कागदावरची नऊही नावं घरात.

मयुरी उठली, डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली अन् मले म्हणे, "आई, ते हरभरे चढवा." मी पाहतच राहिली. "मी मंगळवारीच ओळखलं होतं, काहीतरी आहे म्हणून," म्हणे. "अन् तुमच्या पेटीतले पोहे पण काढा, लुगड्यांना वास लागेल." बाई, मी ह्या पोरीपुढं हात जोडायचीच बाकी होती, पण हातात झारा होता.

आता बावीस लोकाइले खुर्च्या कुठून आणायच्या? मी सतरंजी पसरली अन् पंगत मांडली. पाट आमच्याकडे पाचच. त्यातला एक छोटा आहे, आमचा माग मोडला तेव्हा त्याच्या लाकडाचा उत्तराच्या आजोबानं घडवलेला. ते गेले, पाट राहिला, उत्तरा रोज त्यावरच जेवते. गडबडीत मी तो मांडला अन् गोलू त्यावर मांडी घालून बसला.

दिवाणाखालून आवाज आला, "ऊठ."

गोलूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुन्हा आवाज, "तो माझा पाट आहे. ऊठ."

गोलू खाली वाकला, म्हणे, "नाव लिहिलं आहे का?"

"पाटावर नाव नसते. तरी माझा आहे."

"मी आधी बसलो."

"तू सगळीकडे आधी बसतो. झोक्यावर पण. रीना रडते तरी उठत नाही."

रीनानं पडलेल्या दाताच्या फटीतून साक्ष दिली, "हो, नाही उठत."

"तुला काय माहीत? तू तर खेळायला येतच नाहीस," गोलू म्हणे.

"मी रोज पाहते. तू परवा रडला. खरचटलं नव्हतं तरी रडला."

हे बोलणं इतकं खरं होतं की गोलू लाल झाला. अन् ही बाहेर आली, बाई. आधी डोकं, मंग फ्रॉक, केसांत दिवाणाखालची जाळी. कोणाकडे पाहिलं नाही, सरळ पाटाची एक बाजू धरली अन् ओढली. गोलू आडवा. त्यानं उठून दुसरी बाजू धरली. भैयाजीची बायको म्हणे, "अगं, भांडू नका," अन् उठायले लागली, तं मयुरी स्वयंपाकखोलीच्या दारातून म्हणे, "भांडू द्या, काकू. भांडू द्या त्यांना." तिच्या हातात कांदा होता, त्यामुळे बाकीच्याइले वाटलं कांद्यानं डोळे वाहून राहिले. मी मनात मोजत होती. पाच महिन्यांत एक नाही अन् आता अकरा वाक्यं झाली होती, बारावं 'खोटारडा' असं एकट्या शब्दाचं होतं, तेही मी धरलं. शेवटी दोघं अर्ध्या-अर्ध्या पाटावर बसले, एकमेकाले ढोपरानं ढकलत, अन् रीना समोर बसून कोणाचं ढोपर जास्त लागलं ते सांगून राहिली होती. मोठी माणसं सगळी बाजूले बसली होती अन् पोरीले त्याइची आठवणच नव्हती.

केक होता एक किलोचा. मयुरीनं सुरी घेतली, मी म्हटलं, थांब. सुरीनं चुरा होते अन् बावीस पाहुणे अन् घरचे चौघं, इतके वाटे बरोबर पडत नाही. माझ्या पेटीत मागावरचा रेशमाचा दोरा आहे, तो मी काढला, दोन्ही हातांत ताणला अन् खालून घालून वर उचलला. (उत्तरानं मेणबत्ती फुंकल्यावर हं. मी आधी ओवाळलं, मंग तिनं फुंकलं, दोन्ही झालं.) ताण्याचे धागे मोजून ज्याइचे डोळे गेले त्याइले केकचे सव्वीस तुकडे काय जड आहेत? एकासारखा एक. उभे राहत नव्हते, इतके पातळ झाले, पण सारखे झाले. सिंधी आजीच्या नवऱ्यानं आपला तुकडा उजेडात धरून पाहिला अन् पसंत केला. पोहे अन् त्यावर हरभऱ्याची तिखट तर्री तं पातेलं पुसून खाल्ली. मास्तरीणबाईनं तर्री तीनदा घेतली अन् पाठीचं विसरल्या. गोडाची तूट पडली होती, ती घरातल्या एका डब्यानं भागवली.

संजीव सहाले ऑफिसातून आला, तं दाराबाहेर जोड्याइचा ढीग, अन् आतून कोणी तरी मोठ्यानं हुंदका दिल्याचा आवाज. (तो मेव्हणा होता, त्याले तर्री झोंबली.) संजीवनं जेवणाचा डबा जिन्यातच टाकला अन् 'आई' करत आत पळाला. मी पोहे खाऊन राहिली होती. त्यानं मले पाहिलं अन् खालीच बसला, मंग त्यालेही एक प्लेट दिली.

जाताना पेले वाटले. कागदावरच्या नऊ पोट्ट्याइले नऊ, एक उत्तराले, अन् धाकट्या तिघाइचे तोंड पडले म्हणून त्याइले घरातल्या वाट्या दिल्या. भैयाजीनं पाणी मागितलं अन् गडबडीत मी तोच दिला, इतवारीचा, खराब झालेला. त्याइनं चष्मा चढवला अन् वाचलं, "उत्तरा हिच्या स्म... स्म काय वं?" बाई, तिसरीचं शिक्षण असं ऐनवेळी कामी येते. मी म्हटलं, "स्मित. जागा पुरली नाही." ते म्हणे, "वा, बढिया," अन् पेला कोटाच्या खिशात घालून घेऊन गेले. आता पुढचं त्याइच्या पोरानं पाहावं.

सारे गेल्यावर मयुरीनं दिवाण ओढून खालची जाळी काढली, फुगे गोळा केले, अन् मंग माझ्याजवळ येऊन बसली. म्हणे, "आई, पुढच्या वेळी मला आधी सांगा." मी म्हटलं, सांगीन. म्हणे, "म्हणजे चणे जास्त भिजवता येतील." मी जवळ सरकली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताले तर्रीचा वास होता, तिनं चालवून घेतला. सुनेचे उपकार, बाकावरच्या चौघाइचे उपकार, अन् सगळ्यात जास्त उपकार त्या गोलूचे, की तो दुसऱ्या कोणत्या पाटावर बसला नाही. मी त्याच्यासाठी आज देवाले साखर ठेवली.

घरच्या साऱ्याइले माझा आशीर्वाद. गुडघे जप, थंड पाण्यात पाय घालू नको.

तुझी
प्रेमिला

ता. क. बाई, गोडाची तूट भागवली तो डबा तुझाच होता. सोमवारी अश्विननं आणून दिला होता तोच, तुझ्या अंजूच्या ओटीभरणाचे एक्कावन्न अनारसे. धरमपेठले तिच्या सासरी पोचवून दे म्हणून तू सांगितलं होतं अन् मी आज, गुरुवारी, पोचवणारच होती. बुधवारी मास्तर म्हणे, गोड काही आहे का, अन् बावीस जणं माझ्याकडे पाहायले लागले. आता एकही उरला नाही, खसखस तेवढी आहे डब्याच्या बुडाशी. ओटीभरण रविवारी आहे. तुझ्याजवळ अनारशाचं पीठ मुरलेलं असतेच. ते घेऊन तू उद्या, शुक्रवारी, सकाळच्या बसनं निघून ये. गुडघ्याचं मी पाहते, भैयाजी लिफ्टनं वर आणतील.

ता. क. अजून एक. अनारसे कोणी केले म्हणून शोभाताईनं विचारलं, तं मी नुसती मान हलवली. त्याइनं ती हो अशी धरली. मंग सगळे म्हणायले लागले, असे अनारसे जन्मात खाल्ले नाही, प्रेमिलाबाई, आम्हाले शिकवा. तुले माहीत आहे, माझा अनारसा तुपात सोडला की हसते, विरघळूनच जाते, आजवर एक धड निघाला नाही. म्हणून असं कर. तळशील तू, मी बाजूले उभी राहून मान हलवीन. शोभाताईले मी सांगून ठेवलं आहे, की माझी मोठी बहीण उमरेडहून माझ्याजवळ अनारसे शिकायले येऊन राहिली. रागावू नको. तुझ्या हातच्या चवीचं मी वर लिहिलंच आहे.

ता. क. ते सारे अनारसे शिकायले येऊन राहिले ते परवा. हा दिवस मी नाही दिला, ह्या वेळी मी तोंडच उघडलं नाही. निघताना गोलू जोडे घालून राहिला होता, तं उत्तरानं त्याच्या एका जोड्यावर पाय ठेवला अन् म्हणे, पुन्हा कधी येतो? तो म्हणे, तू सांग. तिनं मयुरीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. जिन्यात उतरलेल्याइलेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "शनिवारी. चार वाजता. सगळे या."